कपलरवर काळी टेप मारायच्या आधी हे वाचा: चिखल, धूळ आणि गाडीची वायरिंग

जुलै आला की आमच्या ठाण्यातल्या गाडीवाल्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न पडतो. ट्रेलला, म्हणजे चिखलाच्या कच्च्या वाटेवरच्या फेरीला, काहीच झालं नव्हतं, गाडी मस्त चालली, घरी येऊन धुतली पण, आणि आता पंधरा-वीस दिवसांनी एबीएसचा दिवा लागलाय, किंवा सेल्फ घेत नाही, किंवा इंडिकेटर लावला की मागचा ब्रेक लाइट पण मिणमिणतोय. खाली चाळीस उत्तरं. कोणी म्हणतो बॅटरी बदल, कोणी म्हणतो सेन्सर उडाला, कोणी कंपनीच्या नावाने शंख करतो, आणि एक जण हमखास सांगतो की सगळ्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या डब्यांवर, काळी टेप गुंडाळून टाक, टेन्शन मिटलं.

मागच्या वर्षीपर्यंत तो टेपवाला मी होतो.

झालं असं की मुरबाडच्या पुढे मित्राच्या मामाचं शेत आहे, लावणीच्या दिवसांत आम्ही तीन गाड्या घेऊन गेलो, बांधाच्या कडेचा कच्चा रस्ता, चाकं अर्धी आत, धमाल आली. जायच्या आधी मी बॉनेट उघडून दिसेल त्या कपलरला टेप मारली होती, रेडिएटरच्या पंख्याच्या कपलरला तर चांगले सात-आठ वेढे. तीन आठवडे काही नाही. मग एका रात्री घोडबंदर रोडला मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी गरम हवा मारायला लागला, बघतो तर तापमानाचा काटा वर, पंखा बंद. कसाबसा थांबत थांबत कापूरबावडीच्या ओळखीच्या वायरमनकडे पोचलो. त्याने ब्लेडने टेप कापली आणि कपलरमधून चहाच्या रंगाचं पाणी टपटप खाली पडलं. तीन आठवड्यांनंतर! मधे चांगलं ऊन पडून गेलेलं. आतली एक पिन हिरवीगार, दुसरी खाऊन खाऊन सुईसारखी बारीक, आणि प्लॅस्टिक एका बाजूने तपकिरी होऊन वितळलेलं.

"टेप कुणी मारली साहेब?"

"मीच."

"मग पाणी पण तुम्हीच भरून ठेवलंत की."

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जे समजलं ते लिहितोय, आणि अट एकच की फिजिक्स नववीच्या पुढे जाणार नाही.

आधी हे कपलर आणि अर्थ म्हणजे काय

कपलर म्हणजे दोन वायरी जिथे एकमेकींना जोडल्या जातात तो प्लॅस्टिकचा डबा, आत धातूच्या पिना, एका बाजूला नर एका बाजूला मादी, आणि बाहेरून टक्क आवाज करणारं लॉक. चांगल्या कपलरमध्ये आत रबराची एक रंगीत रिंग असते, पाणी अडवायला, तिला सील म्हणू.

दुसरा शब्द अर्थ, किंवा गॅरेजमध्ये म्हणतात तसं अर्थिंग. गाडीत बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून प्रत्येक वस्तूपर्यंत वायर जाते, पण परतीची वायर बऱ्याचदा थोडीशीच असते, ती जवळच्या चासीला किंवा बॉडीला बोल्टने कसलेली असते आणि तिथून करंट गाडीच्या लोखंडातूनच बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. बिल्डिंगमध्ये नळाला पाइप वेगवेगळे पण खाली जाणारी ड्रेनेजची लाइन सगळ्यांची कॉमन, तसं. आणि ड्रेनेज तुंबलं की काय होतं माहितीये ना, तिसऱ्या मजल्याचं पाणी पहिल्या मजल्याच्या मोरीत वर येतं. इंडिकेटर लावल्यावर ब्रेक लाइट मिणमिणतो तो याच कारणाने. मागच्या दिव्याचा अर्थचा बोल्ट चिखलाने गंजला, करंटला सरळ बाहेर पडता येईना, मग तो शेजारच्या बल्बमधून उलटा वाट काढतो. अशा वेळी लोक पूर्ण टेललाइट बदलतात आणि तरी प्रॉब्लेम तसाच राहतो, कारण खराब असतो तो एक बोल्ट.

मग चिखल नक्की करतो काय

माझी समजूत होती की चिखल-पाणी आत गेलं की शॉर्ट होतं, फ्यूज उडतो, विषय संपला. खरं तर १२ व्होल्टला साधं पावसाचं पाणी इतकं काही करत नाही, गोड्या पाण्यातून इतक्या कमी व्होल्टेजला फार करंट वाहतच नाही. म्हणून ट्रेलच्या दिवशी गाडी छान चालते. खरा उद्योग नंतर चालू होतो, आणि तो हळूहळू चालतो.

पहिली गोष्ट म्हणजे माती पाणी धरून ठेवते. आपल्याकडची काळी चिकण माती काळ्या कातळापासून बनलेली, तिचे कण २ मायक्रॉनपेक्षाही बारीक, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या तीसाव्या-चाळीसाव्या हिश्श्याएवढे, आणि ही माती स्वतःच्या थरांमध्ये पाणी घेऊन फुगते. शेतातली ढेकळं उन्हात भेगाळतात आणि पावसात परत फुगतात ती याच गुणामुळे. असा एक चमचा चिखल कपलरच्या मागे बसला की वरून गाडी कोरडी दिसते आणि आत आठ-दहा दिवस ओल राहते. त्यात मातीतले क्षार विरघळलेले असतात, शेतातली असेल तर खत पण, म्हणजे ते पाणी आता करंट न्यायला बऱ्यापैकी तयार झालं.

दुसरी गोष्ट, गाडी बंद केली तरी काही पिनांवर २४ तास १२ व्होल्ट असतात. माझ्या गाडीचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही थोडा वेळ फिरू शकतो, आणि या गाडीत चावी काढली तरी त्याच्या कपलरमध्ये एका पिनला पॉझिटिव्ह आणि शेजारी अर्थ. मध्ये क्षाराचं पाणी. आता शाळेतला प्रयोग आठवा, द्रावणात दोन तांब्याच्या पट्ट्या, बॅटरी जोडली की पॉझिटिव्हची पट्टी झिजत जाते. तोच प्रयोग माझ्या बॉनेटखाली तीन आठवडे दिवसरात्र चालू होता, आणि टेपमुळे द्रावण सुकत पण नव्हतं. सुईसारखी झालेली पिन पॉझिटिव्हची होती, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट या सगळ्याचा परिणाम. पिनेवर गंज चढला की तिथे अडथळा तयार होतो, ज्याला रेझिस्टन्स म्हणतात. तो किती छोटा असला तरी चालतो बघा: ०.१ ओहम, म्हणजे साध्या मीटरला धड दिसणार पण नाही इतका. पण पंखा २० अँपिअर ओढत असेल तर त्या ०.१ ओहमवर २ व्होल्ट वाया जातात, म्हणजे पंख्याला १२ च्या जागी १०, आणि ते २ गुणिले २० म्हणजे ४० वॉट कुठे जातात? त्या नखाएवढ्या जागेत उष्णता होऊन बसतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याची साधी सोल्डरिंगची काडी २५ वॉटची असते. प्लॅस्टिक वितळलं यात नवल नाही, आग लागली नाही हे नशीब.

गरम डबा आणि न उघडणारं झाकण

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो कारण इथे माझं डोकं उघडलं.

स्टीलच्या डब्यात गरम आमटी भरून घट्ट झाकण लावून ऑफिसला नेलीये कधी? दुपारी झाकण उघडतच नाही. कडेला चमचा घालून फस्स आवाज आला की मग सुटतं. सकाळी आत गरम वाफ-हवा होती, गार झाली, आकसली, आतला दाब कमी झाला, आणि बाहेरच्या हवेने झाकण दाबून धरलं.

आता हेडलाइट, कपलर, रिलेचा (पंखा-दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) डबा, इंजिनचा कॉम्प्युटर, या प्रत्येकाच्या आत थोडी हवा असते. चढावर फर्स्ट गिअरला घासून घासून बॉनेटखाली समजा ८० अंश झालंय, आणि लगेच तुम्ही ओढ्यात उतरलात, पाणी २५ अंश. डब्याची हवा झटक्यात गार. हिशोब केला तर आतला दाब साधारण १६ टक्क्यांनी पडतो, आणि एवढी ओढ म्हणजे दीड मीटरपेक्षा जास्त खोल पाण्याचा दाब सीलवर पडल्यासारखं आहे. ओढ्यात पाणी गुडघ्याएवढंच, पण गरम कपलरला वाटतंय आपण विहिरीत पडलो. सील जरा जरी सरकलं असेल, कडक झालं असेल, त्यावर मातीचा एक कण बसला असेल, तर पाणी आत ओढलं जातं. आणि एकदा आत गेलं की बाहेर यायला वाट नाही, कारण परत गरम झाल्यावर हवा बाहेर निघते, पाणी बुडाशी बसून राहतं. दर ट्रेलला असा एक-एक घोट.

हेडलाइटच्या काचेला आतून दव धरतं त्याच्यामागे पण हाच श्वास आहे. म्हणून चांगले डबे पूर्ण बंद नसतातच, त्यांना एक छोटं श्वासाचं भोक ठेवतात आणि त्यावर एक पांढरट पडदा लावतात, त्यातून हवा जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. पावसाळी ट्रेकिंगच्या महागड्या जॅकेटमध्ये असतो तोच प्रकार. १९६९ मध्ये बॉब गोर या अमेरिकन माणसाने टेफ्लॉनची गरम कांडी हळूहळू ताणायच्या ऐवजी वैतागून एक झटका दिला आणि त्यातून हा पदार्थ सापडला, अशी त्याची गोष्ट. तर सांगायचं काय, की हे भोक चिखलाने बुजलं किंवा एखाद्या हुशार माणसाने, म्हणजे माझ्यासारख्याने, सिलिकॉन लावून बंद केलं, की तो डबा मग सीलच्या फटीतून श्वास घ्यायला लागतो. ॲक्सलच्या डिफरन्शियलला (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) ब्रीदर, म्हणजे श्वासाचा, पाइप असतो तो पण याच कामाचा, तो उंच नेऊन बांधणं हा मला वाटतं ऑफरोडवाल्यांचा सगळ्यात शहाणपणाचा खर्च आहे.

आयपी६७ लिहिलंय ना, मग कशाला घाबरायचं?

लाइट बार, म्हणजे गाडीला वरून लावायची दिव्यांची लांब पट्टी, घ्यायला गेलं की दुकानदार पहिलं हेच दाखवतो. तर आयपी म्हणजे आत काय शिरू शकतं याची इयत्ता. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६, सहा म्हणजे धूळ अजिबात आत नाही, पाच म्हणजे थोडी जाईल पण काम बिघडणार नाही. दुसरा आकडा पाण्याचा. सात म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवलं तरी चालतं.

आता बघा कुठे गोम आहे. ही परीक्षा नव्या कोऱ्या वस्तूची, स्वच्छ पाण्यात होते. त्यात चिखल नाही, पाच वर्षं ऊन खाल्लेलं रबर नाही, खडखडाट नाही, आणि मघाचा तो ८० अंशांवरून पाण्यात उडी मारायचा प्रकार नाही. शिवाय सात पास म्हणजे खालचे सगळे पास असंही नाही! पाण्याचा फवारा ही वेगळी परीक्षा आहे, पाच आणि सहा आकड्यांची, आणि बुडवणं वेगळी. रविवारी दुपारी ठाण्याला रिकाम्या गाडीत चढता आलं म्हणून संध्याकाळी सातला बदलापूर लोकलमध्ये चढता येईलच असं नाही, तसं. प्रेशर वॉशरसाठी तर ९के नावाची स्वतंत्र परीक्षा आहे, ८० अंश गरम पाणी, ८० ते १०० बार दाब, १०-१५ सेंटीमीटरवरून. तुमच्या लाइटवर ६९के लिहिलं नसेल तर वॉशिंग सेंटरच्या पोराला तिथे बंदूक लावू देऊ नका.

आणि समजा लाइट आयपी६७ असला तरी त्याची वायर तुम्ही कुठे नेऊन जोडलीत? मेन वायर सोलून, पीळ देऊन, वर टेप. मग दारं पोलादाची आणि भिंत कुडाची.

धुळीचं काय, ती तर कोरडी असते

पावसाळ्याचं सगळ्यांना कळतं, पण माझं मत असं झालंय की आपल्याकडे निम्मं नुकसान जानेवारी ते मे मध्ये होतं आणि बिल जूनमध्ये येतं. शीळ-कल्याण रोड घ्या, ठाणे-बेलापूर रोडला खडीच्या डंपरच्या मागे घ्या, घोडबंदरला मेट्रोचं काम चालू आहे तो पट्टा घ्या. ती पांढरट बारीक भुकटी सिमेंटची, खडीची, ती वाऱ्याबरोबर रिलेच्या डब्यात, स्विचमध्ये, अर्थच्या बोल्टमागे जाऊन बसते. तिच्यातून करंट जात नाही, खरंय. पण ती हवेतला दमटपणा शोषते आणि आपल्या खाडीकाठच्या हवेला दमटपणाची कमी नाही. पहिल्या पावसात त्या भुकटीचा लगदा होतो, आणि सिमेंटचा लगदा साधासुधा नसतो, त्यात चुना असतो, ॲल्युमिनियमला तो खातो.

शिवाय धूळ पांघरुणासारखी बसते. एलईडी लाइटच्या मागे पंख असतात ना उष्णता सोडायला, ते भरले की लाइट तापून लवकर मरतो. डायनॅमोचं तर विचारूच नका. डायनॅमो, म्हणजे अल्टरनेटर, त्याला थंड राहायला हवा लागते म्हणून तो बंद करताच येत नाही, उघड्या जाळ्या आणि आत पंखा, म्हणजे तो चिखलपाणी स्वतःच खेचून घेतो. आत कार्बनचे ब्रश एका गुळगुळीत तांब्याच्या कड्यावर घासत असतात, त्यात बारीक रेती गेली की पाट्यावर चटणी वाटावी तसे ब्रश वाटले जातात.

मग करायचं काय

माझा सगळा धडा एका वाक्यात सांगायचा तर पाणी आत येणारच आहे असं धरून चाला आणि त्याला बाहेर पडायला, सुकायला वाट ठेवा. कोकणातलं जुनं घर बघा, भिंती काही वॉटरप्रूफ नसायच्या, पण छपराला उतार, पागोळ्या पडायला पुढे आलेली वळचण, जोतं उंच, की झालं काम.

वायरिंगला पण पागोळी देता येते. वायर कपलरमध्ये वरून सरळ उतरत असेल तर तिच्यावरचं पाणी ओघळून थेट आत. त्याऐवजी वायर आधी कपलरच्या खाली झोळ देऊन मग खालून वर आत न्या, पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं. घराला डिशची केबल आणताना केबलवाला करतो तेच. वायरीवरची ती खवल्याखवल्याची काळी नळी असते तिची चीर खालच्या बाजूला फिरवा, वर असेल तर तिची पन्हळ होते.

कपलर उघडायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. आत बघा सील जागेवर आहे का, मुडपलंय का, आणि रिकाम्या पिनांच्या भोकांना प्लॅस्टिकचे बूच आहेत का, एक बूच हरवलं तरी सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः. काँटॅक्ट क्लीनर नावाचा स्प्रे मिळतो, तो मारा, सुकू द्या, मग सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस. याच्या नावाने खूप गोंधळ आहे. हे ग्रीस करंट वाहून नेत नाही. त्याचं काम पाण्याची जागा आधीच अडवून बसणं. म्हणून ते सीलवर पातळ लावा, पिनांवर बोटाने पुसून अगदी पुसटसं, कपलर दाबला की पिना एकमेकींना घासून ते बाजूला सारतात. श्रीखंड भरल्यासारखं भरू नका, हवा कोंडते आणि कपलर पूर्ण बसत नाही. टक्क आवाज आला पाहिजे.

अर्थचे बोल्ट वर्षातून एकदा, मे महिन्यात, काढून पॉलिश पेपरने चकचकीत करून परत कसा, आणि कसल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. मीटर असेल तर एक छान टेस्ट आहे: मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर मस्त, ०.५ च्या वर गेलं तर अर्थ तुंबलाय. नवी बॅटरी घ्यायच्या आधी एवढं करा, पाच मिनिटांचं काम आहे.

एक सवय आपल्या वायरमन लोकांची मोडायला हवी. टेस्ट लॅम्पची सुई वायरच्या कव्हरमध्ये खुपसून करंट बघतात, काम झालं की ते भोक तसंच. तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं सरकत जातं, भोक बंपरमागे आणि गंज सापडतो मीटरभर लांब कपलरमध्ये. मला भेटलेल्या हिरव्या पिनांपैकी एक तरी या प्रकारची होती अशी शंका आहे.

धुण्याचं प्रकरण

ट्रेल संपला की सगळ्यांना आधी गाडी धुवायची घाई. तापलेल्या इंजिनवर प्रेशर वॉशर म्हणजे वरचा ८० अंशांचा हिशोब परत आणि वर १०० बारची बंदूक. आधी चहा घ्या. बॉनेट उघडा ठेवून अर्धा-पाऊण तास. मग साध्या नळाच्या पाइपने, कमी जोराने, पण भरपूर पाण्याने चिखल भिजवून काढा, चासीच्या आतल्या बाजूला, बंपरच्या मागे, चाकाच्या कमानीत जिथे वायरी बांधलेल्या असतात तिथे बोटं घालून. डायनॅमोवर पण हलकं स्वच्छ पाणी सोडा, इंजिन बंद आणि थंड असताना, मग इंजिन चालू करून गाडी वीस मिनिटं फिरवून आणा म्हणजे सुकते. सुकलेला चिखल खरवडू नका, वायरीचं कव्हर सोलतं.

खाडीचा किंवा समुद्राकाठचा चिखल असेल तर मात्र चहा-बिहा एकच कप. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभरएक पट जास्त करंट नेतं, त्या दिवशीच्या त्या दिवशी गोड्या पाण्याने धुतलीच पाहिजे. आणि हे पण लिहून ठेवतो, ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि खाडीकाठची खारफुटी पण संरक्षित आहे, तिथे चिखल खेळायला जाऊ नका, वनखात्याचा दंड पिनेपेक्षा महाग पडतो.

आता तुमचे नेहमीचे प्रश्न

"पण कंपनीच वायरिंगवर टेप गुंडाळून देते की!" देते, पण नीट बघा, ती बऱ्याचदा कापडी असते, वायरी घासू नयेत, खडखडू नयेत म्हणून. पाणी अडवायला नाही. तिच्यातून ओल उडून जाते. आणि कपलरच्या तोंडावर ती शक्यतो नसतेच.

"हॉट ग्लू किंवा एम-सीलने कायमचं पॅक केलं तर?" पूर्ण पॅक, शंभर टक्के, एकही फट नाही, असं जमलं तर उत्तम, मोठे कारखाने काही सर्किट अशीच राळेत बुडवतात. घरी बाल्कनीत बसून ते जमत नाही, नव्वद टक्के जमतं, आणि नव्वद टक्के बंद डबा उघड्या डब्यापेक्षा वाईट, का ते वर आलंय. शिवाय पुढच्या वेळी कपलर उघडायचा तर हातोडा लागेल.

"डब्ल्यूडी-४० मारतो मी सगळीकडे." १९५३ मध्ये क्षेपणास्त्रांना गंज लागू नये म्हणून केलेलं ते, नावातच पाणी हटवणं आहे, चाळिसावा प्रयत्न. तर भिजलेल्या जागेवरून पाणी हटवायला चांगलं, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहतो तो पातळ चिकट थर धूळ धरतो. पाणी हटवा, पुसा, मग ग्रीस.

"स्नॉर्कल लावलाय, गाडी छपरापर्यंत जाईल." त्या उंच नळीने इंजिनचा श्वास वर गेला, बरं झालं. डायनॅमो, सेल्फ आणि पंखा अजून खालीच आहेत. महिंद्राच्या नव्या थार गाडीसाठी कंपनी ६५० मिलिमीटर पाणी सांगते, तो आकडा सगळ्या भागांचा मिळून असतो, स्नॉर्कलने तो आपोआप वाढत नाही.

"मी कुठे ऑफरोडला जातो, माझी स्कूटर आहे." ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या सर्व्हिस रोडने गेलात तर तुम्ही ऑफरोडच आहात. गंमत सोडा, बऱ्याच नव्या दुचाक्यांना साइड स्टँडचा सेन्सर असतो, स्टँड खाली असेल तर इंजिन चालू होत नाही. तो बरोबर पुढच्या चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात. सकाळी स्कूटर चालू होत नाही, बॅटरी ठीक, प्लग ठीक, तर आधी तिथे मगभर पाणी ओतून बघा. माझ्या बहिणीचा नेरूळ ते वाशीचा रिक्षाखर्च या मगभर पाण्याने वाचलाय.

"इलेक्ट्रिक गाडीत तर शॉकच बसेल मग?" तिच्या मोठ्या बॅटरीची वीज चासीला जोडलेलीच नसते, दोन्ही तारा वेगळ्या नारिंगी केबलमधून जातात, आणि कुठे गळती लागली तर गाडीचा कॉम्प्युटर ती ओळखून इशारा देतो. ती बाजू बरीच भक्कम असते. पण हॉर्न, दिवे, लॉक, काचा चालवणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बहुतेक इलेक्ट्रिक गाडीत पण असतेच, आणि तिचे कपलर तुमच्या-माझ्यासारखेच.

माझ्या पंख्याचा कपलर त्या वायरमनने नवीन टाकला, वायर खालून झोळ देऊन आणली आणि टेपचा रोल माझ्या हातात परत दिला. या जुलैत परत मुरबाडला गेलो. येताना म्हसा फाट्याजवळ एका वॉशिंगवाल्याकडे थांबलो, मित्राने उतरल्या उतरल्या बॉनेट उघडून बंदूक हातात घेतली. त्याला म्हटलं ठेव ती खाली, आधी चहा पिऊ. पिऊन झाला, हात लावून बघितलं तर इंजिन अजून चटके देत होतं. अजून एक सांगितला.